यंदा पेरणी नाही

खापराच्या तुटक्या कडेवर मोहरीच्या दाण्याएवढा एक ठिपका होता. बाकीची कड खरबरीत, भिंगाखाली मातीचे बारीक कण अडकलेले दिसत होते. तेवढा ठिपका मात्र गुळगुळीत. उन्हाकडे धरला की चकाके, जरा कलता केला की विझे.

"मॅडम, अजून घासू का?" सत्वशीलानं विचारलं. ती पाण्याच्या टोपाशी उकिडवी बसली होती, हातात दात घासायचा जुना ब्रश.

"नको. याला आता ब्रश लावू नकोस."

"काही बिघडलं का माझ्याकडून?"

"नाही."

"मग तुम्ही बोलत का नाही? काल सगळे ओरडत होते, तेव्हाही तुम्ही गप्पच होता."

मी खापर कापसावर ठेवलं. "कसं सापडलं, पुन्हा सांग बरं."

"काय सांगू! खुरपं टेकवलं आणि माती अशी सुटली, लोण्यासारखी. आपोआप हातात आलं. माझं नशीबच म्हणायचं."

त्या टेकाडाची माती लोण्यासारखी सुटत नव्हती. ती पांढर होती, म्हणजे माणसांनी शतकानुशतकं राहून, राख-शेण-विटा टाकून केलेली माती, आणि दोन हजार वर्षांच्या थरापाशी ती इतकी घट्ट होती की मुलांच्या तळहातांना फोड आले होते.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. तेव्हा मी विद्यापीठात नव्यानं शिकवायला लागले होते. मूळची मी भूशास्त्राची. भांड्याची माती कुठली, हे तिच्यातल्या कणांवरून सांगायचं, हे माझं काम. दर हिवाळ्यात अष्टपुत्रे सर एम.ए.च्या मुलांना घेऊन मराठवाड्यातल्या सारोळ्याच्या टेकाडावर यायचे आणि उत्खनन शिकवायचे. सातवाहनांच्या काळात तिथं व्यापाराचं गाव होतं. त्या गावाचा माल रोमपर्यंत जात असावा, असं सर वीस वर्षं म्हणत होते. पुरावा मात्र हाती लागत नव्हता. आणि काल सत्वशीलाला तो लागला होता: रोमन लोक ज्यातून दारू आणि तेल पाठवायचे त्या उंच, दोन कानांच्या रांजणाचा एक कान. अँफोरा. फिकट गुलाबी माती, तिच्यात काळी चमकदार रेती. काळे कण आपल्या दगडातही असतात, म्हणून घाई करायची नसते. पण ती गुलाबी माती आपल्याकडची नव्हती, एवढं मला भिंगाशिवायही दिसत होतं.

खापर खरंच होतं. ते या टेकाडातलं होतं का, एवढाच प्रश्न होता.

चहाच्या वेळी सर चराच्या काठावर उभे होते. वारा सुटला होता. झाकायला आणलेला प्लास्टिकचा कागद फडफडत होता आणि त्याचे कोपरे दाबायला मुलं दगड शोधत पळत होती. सरांचा चेहरा लहान मुलासारखा फुलला होता.

"उद्या कलेक्टरसाहेब येतायत. पेपरवालेही येतील. वृंदा, तू नीट उभी राहा हं, फोटोत तू आलीच पाहिजेस. तूच काढलंस ना ते."

ते सत्वशीलाकडे बघून बोलत होते. वृंदा मी.

सत्वशीला हसली. "मी घोडके, सर. सत्वशीला घोडके."

"तेच म्हणतोय मी!" सरही हसले. "तुम्ही सगळ्या सारख्याच. हुशार आणि हट्टी."

मातीचं घमेलं डोक्यावर घेऊन चाललेल्या भागाबाई थांबल्या. "सर, खापराचं येवढं कवतिक! आमच्या उकिरड्यावर या की. गाडीभर देते, वर एक डालगं फुकट."

"भागाबाई, हे रोमचं आहे, रोमचं!"

"मंग तितले लोक इतं उकिरडा करायला आलते व्हय?"

मुजीब चहा फुर्रकन सांडेपर्यंत हसला. तो दुसऱ्या वर्षाचा, सगळ्यांची टिंगल करणारा. मी हसले नाही. मी सरांकडे बघत होते. त्यांनी चहाचा कप दगडावर ठेवला आणि हात पुढे केला. "चहा नाही मिळाला मला," ते म्हणाले. मी त्यांना दुसरा आणून दिला. पंधरवड्यापासून मी असे दुसरे कप आणत होते.

पांढरीचं टेकाड उतरून मी शाळेत गेले. जिल्हा परिषदेच्या शाळेचे दोन वर्ग आम्हाला मिळाले होते, त्यातल्या एकात सामान. सरांची लोखंडी पेटी खिडकीखाली होती, कुलूप नसलेली. तिच्यात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. तो मला माझ्या विद्यार्थीदशेपासून ठाऊक होता.

हे सांगायला हवं. सरांची एक पद्धत होती. हंगामाच्या पहिल्या आठवड्यात, उजाडताना, मुलं तोंड धुवायला विहिरीवर गेली की ते नवख्यांच्या चरांत एकेक ओळखीचं खापर पुरून ठेवायचे. याला ते पेरणी म्हणत. कुणाच्या नजरेला पडतं, कोण ते ढिगाऱ्यावर फेकून देतं, हे बघायला. नवख्यांना पत्ता नसे आणि जुन्यांनी तोंड उघडायचं नाही, असा दंडक होता. पेरलेलं खापर सापडलं की सर मोठ्यानं म्हणायचे, "पेरलेलं उगवलं!" आणि सगळ्यांनी ओरडायचं, "आता खरं खणा!" मग संध्याकाळी हुरडा. मुजीबनं आदल्या वर्षी आपलं खापर ढिगाऱ्यावर फेकलं होतं, म्हणून त्याला वर्षभर 'ढिगारा' म्हणत.

डब्यात सरांनी तरुणपणी परदेशातल्या एका उत्खननावरून आणलेली खापरंही होती, तिथल्या प्रमुखांनी शिकवायला म्हणून दिलेली. खरी खापरं पेरू नका, असं मी एकदा म्हटलं होतं. "खोट्यावर डोळा तयार होत नाही," सर म्हणाले होते. गफलत होऊ नये म्हणून ते प्रत्येक खापराच्या कडेला काकूंच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या, बाटलीतल्या बिनरंगी नेलपॉलिशचा एक ठिपका लावत.

पण या वर्षी पेरणी नव्हती. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी मला आणि जुन्या मुलांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "यंदा पेरणी नाही. दिवस थोडे आहेत."

मी डबा उघडला. कापसात सात खळगे होते. सहा भरलेले.

सातव्या खळग्याचा आकार माझ्या हातातल्या कानाशी जुळतो का, हे बघायला मला फार वेळ लागला नाही. तरी मी बराच वेळ बघत राहिले.

फसवणूक म्हणावी, तर त्या माणसाला मी पंधरा वर्षं ओळखत होते. एक चुकीचं माप छापून गेलं म्हणून ते एकदा दोन रात्री झोपले नव्हते. त्यांनी एका पहाटे नेहमीप्रमाणे खापर पेरलं होतं आणि आपण पेरलं हे ते विसरले होते. यंदा पेरायचं नाही, हे तर पेरायच्या आधीच विसरले होते.

दिवाळीत काकूंनी मला घरी बोलावून घेतलं होतं. सर गॅलरीत झाडांना पाणी घालत होते. काकू स्वयंपाकघरात हळू आवाजात म्हणाल्या, "तिसऱ्यांदा घालतायत ते पाणी. मी बोलले की त्यांना बायकोची कटकट वाटते. तुझं ऐकतील. एवढा हंगाम होऊ दे, पण हा शेवटचा, हे तू सांगायचंस. सांगशील ना?" मी हो म्हटलं होतं. येताना बसमध्ये सांगणार होते. मग तंबू लागल्यावर. मग संक्रांत झाल्यावर. रोज सकाळी ते सगळ्यांच्या आधी टेकाड चढताना दिसत आणि मी उद्यावर ढकलत असे.

टेबलावर ॲसिटोनची बाटली होती. फुटक्या भांड्यांना लावलेला जुना गोंद काढायला आम्ही ते वापरायचो. मी कापसाचा बोळा त्यात बुडवला. ठिपका कशाचा आहे, याची खात्री करायची, असं मी स्वतःला सांगितलं. खात्रीला कडेचा एक कण पुरेसा होता. माझ्या हातातला बोळा मात्र सगळा ठिपका पुसला जाईल एवढा मोठा होता. एकदा फिरवला की संपलं. खापर सत्वशीलाचं, टेकाड रोमशी व्यापार करणारं, सर वीस वर्षांनी बरोबर. आणि मला कुणालाच काही सांगायला नको.

"मॅडम!"

मी बोळा मुठीत धरला. सत्वशीला दारात उभी होती, धापा टाकत.

"उदगीरला फोन लागला. बाबा उद्या येतायत, ड्यूटी बदलून. एसटीत ड्रायव्हर आहेत ना ते. म्हणाले, पेढे घेऊन येतो." मग ती थांबली, नाक वर केलं. "कसला वास येतोय? नेलपॉलिशसारखा? मॅडम, तुम्ही नेलपॉलिश लावताय?" आणि खळखळून हसली.

"गोंद काढतेय."

"आमच्या बाबांना वाटायचं, ही पोरगी शिकून माती उकरणार, मग नर्सिंग काय वाईट होतं? आता बघतीलच." ती जायला वळली, पुन्हा वळली. "तुम्ही याल ना फोटोत?"

ती गेल्यावर मी बोळा खिडकीबाहेर टाकला. तळहात गार पडला होता.

सर टेकाडाच्या माथ्यावर भेटले. सूर्य शाळूच्या शेतांवर टेकला होता. सर येरझाऱ्या घालत होते, दोन चरांच्या मधल्या अरुंद वाटेवरून, तोल न जाता. पायांना सगळं पाठ होतं.

"सर, बसता का जरा?"

"बसवत नाही गं आज. काय आहे?"

मी खापर आणि भिंग त्यांच्या हातात दिलं. "कड बघा."

त्यांनी बघितलं. वाऱ्यानं त्यांच्या कपाळावरचे केस उडत होते आणि भिंग धरलेला हात स्थिर होता. मग भिंग खाली आलं.

"डब्यातलं आहे," ते म्हणाले.

"हो."

"कुणी ठेवलं?"

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी उत्तर वाचलं.

"मी?" ते खाली बसले. मातीवरच. "वृंदा, मला काहीच आठवत नाही. अंधूकसुद्धा नाही. पुसट रेघ तरी राहते ना माणसाच्या मनात? कोरं आहे सगळं. त्या चराचा चौथा थर कुठे सुरू होतो ते मी तुला डोळे मिटून सांगतो. आणि हे..."

"होतं असं, सर."

"होत नाही असं." ते एकदम रागावून म्हणाले. मग आवाज खाली आला. "त्या मुलीला कोण सांगणार?"

आता सांगायचं होतं. पेरणीचं नाही, दुसरं. काकूंना दिलेला शब्द माझ्या जिभेवर होता.

"मी सांगतो," सर म्हणाले. "उद्या, सगळ्यांसमोर. कलेक्टर येऊ दे नाहीतर कुणी येऊ दे. माझी चूक आहे, माझ्याच तोंडून बाहेर आली पाहिजे. तू मध्ये पडू नकोस."

"बरं."

त्यांनी खिशातून रुमाल काढला. पांढरा, काकूंनी कोपऱ्यात सरांच्या नावाचा निळा 'द' भरलेला. त्याच्या टोकाला त्यांनी गाठ मारली, दात लावून घट्ट ओढली. "आमची आई पदराला मारायची," ते ओशाळून हसले. "सकाळी हात खिशात गेला की आठवेल."

दुसरं मी पुन्हा उद्यावर ढकललं. एका संध्याकाळी एका माणसाला किती सांगायचं, असं मला वाटलं.

सकाळी जीप आली तेव्हा चरांच्या कडा झाडून काढलेल्या होत्या. कलेक्टर तरुण होते, बूट भरतील म्हणून जपून चालत होते. दोन पेपरवाले होते. सत्वशीलाचे वडील खाकी कपड्यांतच आले होते, हातात सुतळी बांधलेला पेढ्यांचा पुडा. ते मुलीच्या चराकडे असे बघत होते, जणू तिनं तिथं घर बांधलंय.

मी एका जागी उभी राहू शकत नव्हते. एकदा कागद नीट केला. एकदा मोजपट्टी गुंडाळली, उलगडली, पुन्हा गुंडाळली. सर सकाळपासून प्रसन्न होते.

"या, साहेब." त्यांनी कलेक्टरांना चराच्या काठावर आणलं. खापर कापसातून उचललं. भिंग काढलं, काच धुरकट वाटली असावी म्हणून खिशातून रुमाल काढला. गाठ त्यांच्या बोटांना लागली.

मी मोजपट्टी खाली ठेवली.

सरांनी रुमाल डोळ्यांसमोर धरला. "हे काय? कुणी मारली ही गाठ?" ते माझ्याकडे बघून हसले, थोडे वैतागले. "ही आमची बायको!" मग नखांनी खुडत, पूर्ण लक्ष देऊन त्यांनी गाठ सोडवली. रुमाल झटकला, भिंग पुसलं, खिशात ठेवला.

"तर साहेब," ते म्हणाले, "दोन हजार वर्षांपूर्वी हा रांजण समुद्र ओलांडून, घाट चढून या गावात आला. वीस वर्षं आम्ही याची वाट बघतोय. आणि तो या मुलीच्या हातून..."

पेपरवाल्यानं कॅमेरा डोळ्याला लावला. सत्वशीलाच्या वडिलांनी डोक्यावरची टोपी काढली. छापून आलेलं परत घेता येत नाही.

"पेरलेलं उगवलं," मी म्हणाले.

माझा आवाज लहान आहे. वर्गातही मागच्या बाकांना पोचत नाही. त्या दिवशी पोचला. सर थबकले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत गेलं आणि रिकाम्या हातानं परत आलं. पण ओठांना शब्द ठाऊक होते.

"आता..." ते म्हणाले. आणि मग उंच, जुन्या आवाजात, "आता खरं खणा!"

जुन्या मुलांपैकी एक-दोघं सवयीनं ओरडली. बाकीची बघत राहिली.

"काय प्रकार आहे हा?" कलेक्टरांनी विचारलं.

"परीक्षा असते, साहेब," मी म्हणाले. "विद्यार्थ्यांची नजर तपासायला आम्ही खापर पुरून ठेवतो. हे खापर रोमन आहे. पण ते या टेकाडातलं नाही."

"पण सर," मुजीब पुढे आला. "तुम्हीच म्हणाला होता ना, यंदा पेरणी नाही?"

सर त्याच्याकडे बघत राहिले. प्लास्टिकचा कागद वाऱ्यानं वाजत होता. सरांचा हात खिशाकडे गेला, रुमालापाशी, आणि तिथंच थांबला.

"मग काय दवंडी पिटून पेरायचं?" सत्वशीला म्हणाली. "सांगून घेतली तर परीक्षा कसली? ढिगाऱ्या, तू नापास."

मुलांना हसू फुटलं. मुजीबनं कपाळाला हात मारला. कलेक्टर हसले, पेपरवाल्यानं कॅमेरा खाली केला. सत्वशीलाही हसत होती, मोठ्यानं. हसता हसता तिनं माझ्याकडे एकदाच बघितलं. नाक जरा वर केल्यासारखं केलं. तिला कालचा वास आठवला होता, आणि कडेवरचा ठिपकाही. तिला सगळं कळलं होतं.

तिचे वडील तिच्याजवळ गेले. "म्हंजी हे खरं न्हाई?"

"खरंच हाय, बाबा. दोन हजार वर्सांचं हाय. निस्तं इथलं न्हाई."

"मंग?"

"मंग काय! हुडकलं की मी. पेढे द्या सरांना."

त्यांनी पुडा सोडला. सरांनी पेढा घेतला, तिच्या डोक्यावर हात ठेवला. "शाब्बास, वृंदा," ते म्हणाले. तिनं दुरुस्त केलं नाही.

जीप गेली. मुलं हुरड्यासाठी बांधाकडे पळाली, भागाबाईंनी आगटी पेटवली होती. धूर वाऱ्याबरोबर इकडून तिकडे फिरत होता. सर आणि मी चराच्या काठावर राहिलो. निभावलं होतं. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, ज्या एकीच्या आलं होतं ती बोलणार नव्हती. सर खूश होते. मी पुन्हा उद्यावर ढकलू शकत होते, आणि तो उद्या पुढच्या हिवाळ्यापर्यंत लांबवता आला असता.

खाली कोवळ्या कणसांचा वास सुटला होता. सत्वशीला चरात उतरली होती, एकटी. कण्हेरीच्या फांदीनं तळ झाडत होती, पाठ आमच्याकडे. मध्येच ती थांबली. मनगटानं डोळे पुसले आणि पुन्हा झाडायला लागली.

"मजा आली," सर म्हणाले. त्यांनी रुमाल काढून तोंड पुसलं. टोकाला जिथं गाठ होती तिथं कापड अजून चुरगळलेलं होतं. "अगं, आत्ताच ठरवून ठेवू या. पुढच्या हंगामात कुणाच्या चरात पेरायचं?"

"सर," मी म्हणाले, "पुढच्या हंगामाला तुम्ही यायचं नाही. चर मी सांभाळेन."